परीक्षण : पॅरामाउंटच्या तबकड्या व दुर्मिळतेचें मोल

अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कृष्णवर्णीय गायकांच्या जुन्या तबकड्यांचें परीक्षण या त्रैमासिकांत कशासाठीं, असा प्रश्न वाचक करतील. मूळ नष्ट झालेलें, नकला घरोघर विखुरलेल्या, मालकास त्यांचें मोल ठाऊक नाहीं आणि शोधकास फाजील ठाऊक, ही जी स्थिति आपल्याकडील बाडांची व दप्तरांची, तीच या तबकड्यांची आहे. म्हणून रेव्हेनंट व थर्ड मॅन या दोन प्रकाशनसंस्थांनीं २०१३ व २०१४ सालीं दोन भागांत काढलेला पॅरामाउंट कंपनीचा संग्रह आम्हीं पोथी तपासावी तसा तपासला.

प्रथम मूळ हकीकत. विस्कॉन्सिन राज्यांत पोर्ट वॉशिंग्टन येथें खुर्च्या करणारा एक कारखाना होता. तो फोनोग्राफचीं लांकडी कपाटें करूं लागला व कपाटें खपावीं म्हणून १९१७ पासून तबकड्याही काढूं लागला. १९२२ सालीं कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठीं त्यानें निराळी मालिका सुरू केली. मा रेनी ही गायिका १९२३ च्या अखेरीस तींत प्रथम गाइली. टेक्ससचा अंध गायक ब्लाइंड लेमन जेफरसन याचीं ब्लूज १९२६ सालीं बाहेर पडलीं. दोघांच्या तबकड्या हातोहात खपल्या. पुढें मिसिसिपीकडील चार्ली पॅटन १९२९ सालीं, सन हाउस व विली ब्राऊन १९३० सालीं आणि स्किप जेम्स १९३१ सालीं गाइले. तोंपर्यंत मंदी आली होती. १९३२ सालीं ध्वनिमुद्रण थांबलें व धातूचे मूळ साचे भंगारांत गेले. कामगारांनीं तबकड्या मिलवॉकी नदींत फेकल्या अशीही आख्यायिका आहे. २००६ सालीं पाणबुडे उतरवून शोध केला, परंतु कांहीं मिळालें नाहीं.

सारांश, मूळ प्रत गेली. हलक्या लाखेवर उठविलेल्या व वाजवून झिजलेल्या नकला तेवढ्या उरल्या. सन हाउसचें 'क्लार्क्सडेल मोन' हें गाणें सुमारें पाऊण शतक केवळ नांवानें माहीत होतें. तबकडी सांपडल्यावर २००६ सालीं तें पुन्हां प्रसिद्ध झालें. विली ब्राऊनच्या १३०९९ क्रमांकाच्या तबकडीचें आजही नांव तेवढें आहे, प्रत नाहीं.

या नकला जमविणाऱ्यांचे उपकार मोठे आहेत. गेल डीन वॉर्डलो यांनीं १९६० नंतर मिसिसिपींत दारोदार हिंडून जुन्या तबकड्यांची चौकशी केली, आपल्याकडे कै. राजवाडे गांवोगांव हिंडले त्याची येथें आठवण होते. परंतु उपकाराबरोबर एक दोषही शिरला. ब्रुकलिनमध्यें राहणारा जेम्स मॅक्यून यानें १९४४ सालीं पॅटनची एक तबकडी मिळविली. त्याच्या वर्तुळांतील मंडळीनें जें विरळ तेंच थोर मानलें, आणि १९६० नंतरच्या पुनर्मुद्रणांतून तोच ब्लूजचा इतिहास होऊन बसला. वस्तुतः स्किप जेम्सच्या तबकड्या आज विरळ आहेत, त्या १९३१ सालीं खपल्या नाहींत म्हणून. उलट मा रेनीची झिजलेली तबकडी कोपरे काळे पडलेल्या पोथीसारखी आहे; ती शंभर वेळां उघडली गेली हीच तिची साक्ष. ज्याची एकच प्रत उरली तो ग्रंथ अपूर्व खरा; परंतु लोक काय वाचीत होते हें ज्याच्या शंभर प्रती आहेत तोच सांगतो.

विरळ तें हिणकस, असें आमचें म्हणणें नाहीं. स्किप जेम्सचा उंच, बारीक स्वर आणि त्याखालीं कोमल गांधाराच्या मेळांत लावलेली गिटार ऐकून मन चरकतें. पण तो स्वर लहान खोलींतला. मा रेनीचा भरदार आवाज तंबूंतील खेळाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोंचणारा. दोन्ही शेजारीं ठेवल्यावांचून एकाचीही जात कळत नाहीं. या संग्रहाचा खरा गुण हाच कीं, प्रत्येक भागांत सुमारें ८०० गाणीं घेतल्यामुळें खपलेलें व न खपलेलें एका पंक्तीस बसलें आहे. निवडक वेंच्यांनीं जो तोल घालविला, तो यानें पुष्कळसा परत आणिला.

आतां दोष. पहिला भाग ओकच्या पेटींत, दुसरा अॅल्युमिनियमच्या. प्रसिद्धीच्या वेळीं प्रत्येकाची किंमत सुमारें ४०० डॉलर होती आणि प्रती मर्यादित. दुर्मिळता घालविण्यासाठीं काढलेली आवृत्तीच जन्मतः दुर्मिळ! २०१३ सालींच टॉमी जॉन्सनची एक पॅरामाउंट तबकडी ३७,१०० डॉलरांस विकली गेली. त्या बाजाराची हवा या पेट्यांसही लागली असें वाटतें.

आमच्या उमेदीच्या काळीं एका गृहस्थांकडे जुन्या पदांचें बाड होतें. आम्हीं नक्कल मागितली तेव्हां ते म्हणाले, "मास्तर, नक्कल दिली तर आमच्याकडे वेगळें तें काय राहिलें?" पुढें बाडास वाळवी लागली, बाडही गेलें व वेगळेपणही गेलें. मागणी अधिक नेटानें केली नाहीं, याचा सल आम्हांस आजही आहे.

पोथीचा कर्ता आपणांस भेटत नाहीं. येथें तर १९६४ सालीं स्किप जेम्स ट्युनिकाच्या रुग्णालयांत आणि सन हाउस रॉचेस्टरमध्यें हयात सांपडले. सन हाउसला स्वतःचींच गाणीं पुन्हां शिकावीं लागलीं. तबकडी जपली गेली होती आणि गाणारा विसरला गेला होता. संग्राहकांनीं हें ध्यानांत ठेवावें. ज्यांच्या घरीं एकमेव प्रत आहे त्यांनीं तिची नक्कल आधीं करूं द्यावी. अभिमान मग खुशाल बाळगावा. एवढी विनंति करून हें परीक्षण पुरें करितों.