'लेट अस सी'मधील नोंदवाचन : एक चिकित्सा

नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या ग्रंथाने देगलूरसारख्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यालाही सी भाषा सुलभ झाली, हे निर्विवाद. तथापि त्यातील कर्मचारी-नोंदींचे उदाहरण चिकित्सेस पात्र ठरते. नाव (40 अक्षरे), वय व मूळ वेतन यांचे स्ट्रक्चर तेथे मेमरीत असते तसेच फाइलमध्ये उतरते. टर्बो सीमध्ये ही नोंद 46 बाइटांची, तर जीसीसीमध्ये पूर्णांक 4 बाइटांचा असल्याने 48 बाइटांची होते. परिणामी जुनी फाइल वाचताना पहिल्याच नोंदीतील वय बिघडते आणि पुढील नावे दोन-दोन बाइटांनी सरकत जातात. कंपायलर मात्र निमूट असतो!

याहून गंभीर उणीव लूपची आहे. 'एफरीड'ने 1 परत केला नाही की वाचन थांबते. फाइल संपली की दोष उद्भवला, हे विचारलेच जात नाही. अर्धवट वेतनपत्रकही मग पूर्ण भासते. वापरकर्त्यापुढे 'उघडा', 'पुढील नोंद' व 'मिटा' एवढीच फंक्शने ठेवावयास हवी होती. त्यांच्याआड फाइलचा आराखडा बाइटनिहाय निश्चित करता आला असता, आणि 'पुढील नोंद'ने समाप्ती व दोष यांचे निर्देश वेगवेगळे दिले असते.