गुरूचा ताण

युरोपीय अवकाश संस्थेचं ज्यूस यान 2034 च्या डिसेंबरात गॅनिमीड या गुरूच्या चंद्राभोवती फिरायला लागेल, तेव्हा त्याच्या कक्षेत एक जागा येणार आहे. जागा हा शब्द मी गाण्यातला वापरतो आहे. गवई सूर लांबवत नेतो, आता हा कुठे उतरणार म्हणून आपण श्वास धरून बसतो, आणि तो अशा ठिकाणी उतरतो की तोंडून आपोआप 'वा' निघून जातं. तशी ती जागा आहे. मूळ आखणीत यान आधी लांबट कक्षेत फिरतं. एका टोकाला ते गॅनिमीडपासून 200 किलोमीटरवर येतं, दुसऱ्या टोकाला 10,000 किलोमीटरवर जातं. मग इंजिनाचा मोठा रेटा न देता हे लंबवर्तुळ आपलं आपण आखडू लागतं. जवळचं टोक वर सरकतं, दूरचं खाली येतं, आणि सुमारे 5,000 किलोमीटर उंचीवर जवळजवळ गोल कक्षा तयार होते. यान तिच्यात साधारण तीन महिने राहतं. त्यानंतर कक्षा पुन्हा लांबट होऊ लागते.

हे सगळं करून घेतो गुरू.

आकडे पुन्हा वाचावेत असे आहेत. 200 आणि 10,000 यांची बेरीज करून निम्मं केलं की 5,100 येतात, म्हणजे गोल कक्षेची उंची पहिल्या दोन आकड्यांत आधीपासूनच दडलेली आहे. कक्षेचा आकार बदलला, तिची मापं बदलली नाहीत. एक फेरी सुरुवातीला जवळपास बारा तासांची होती, गोल झाल्यावरही ती पावणेबारा तासांच्या आसपासच राहते. आखणी करणाऱ्यांनी गोल कक्षा काढलीच नाही. त्यांनी लांबट कक्षा काढली आणि गोल होण्याचं काम गुरूवर सोपवलं. मला या आखणीत सगळ्यात जास्त आवडतं ते हे सोपवणं.

त्यामागची अडचण समजल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. भागवताच्या पाचव्या स्कंधात ध्रुवाला खळ्यातल्या मेढीची उपमा दिली आहे. मेढीला बांधलेले बैल आपापल्या अंतरावरून तिच्याभोवती फिरतात, तसे ग्रह-तारे ध्रुवाभोवती. आमच्याकडे सौसर-पांढुर्ण्याच्या शिवारात मळणीयंत्रं आल्यापासून मेढ दिसत नाही, पण ज्यांनी पाहिली त्यांना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. एका मेढीभोवती एक बैल फिरला तर त्याच्या पावलांचा गोल वर्षानुवर्षं टिकेल. पण ज्या खळ्यात मेढ रोवली आहे ते खळंच कुणी फिरवत असेल, आणि फिरवणारा त्या बैलालाही स्वतःकडे ओढत असेल तर? गॅनिमीडभोवती फिरणाऱ्या यानाची गत ही आहे. गॅनिमीड गुरूपासून सुमारे 10 लाख 70 हजार किलोमीटरवर राहून 7 दिवस 4 तासांत एक फेरी मारतो. त्याची स्वतःची सत्ता चालते ती जेमतेम 32 हजार किलोमीटरपर्यंत. त्या अंगणातही गुरूचा हात पोचतोच.

एका फेरीत हा हात जाणवतही नाही. शंभर फेऱ्यांत मात्र हिशोब साचतो. सोव्हिएत रशियात मिखाईल लिडोव्हने 1961 मध्ये आणि जपानच्या योशिहिदे कोझाईने 1962 मध्ये हा हिशोब वेगवेगळा मांडला. दूरच्या जड शेजाऱ्याच्या ओढीने कक्षेचा लांबटपणा आणि तिचा कल यांची आपसात देवाणघेवाण होते, आणि साधारण 39 अंशांपेक्षा जास्त कललेली कक्षा गोल राहू शकत नाही. लिडोव्हने यातून एक निष्कर्ष काढला, तो वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आपल्या चंद्राची कक्षा उभी, म्हणजे 90 अंश कललेली असती, तर सूर्याच्या ओढीने ती लांबट होत जाऊन चंद्र चार-पाच वर्षांतच पृथ्वीवर आदळला असता.

आता यानाचं दुखणं बघा. चंद्राच्या विषुववृत्तावरून फिरणारी कक्षा सुरक्षित असते, पण तिच्यातून दिसतो तो कंबरपट्टाच. सगळा चंद्र पाहायचा, त्याचा नकाशा करायचा, बर्फाखालच्या समुद्राचा माग काढायचा, तर ध्रुवांवरूनच जावं लागतं. आणि नेमकी ध्रुवावरून जाणारी उभी कक्षाच लिडोव्हच्या हिशोबात सगळ्यात निराधार आहे. कल आणि लांबटपणा यांच्यातल्या देवाणघेवाणीला आवर घालणारं तिथं काहीच उरत नाही. लंबवर्तुळ लांबत लांबत जातं आणि एक दिवस त्याचं जवळचं टोक जमिनीला टेकतं. युरोपा हा चंद्र गुरूच्या आणखी जवळ, 6 लाख 71 हजार किलोमीटरवर आहे. त्याच्याभोवती ध्रुवावरून फिरणारं यान वेळोवेळी सावरलं नाही, तर काही महिन्यांच्या आतच ते त्याच्यावर आदळेल. नासाचं 2024 च्या ऑक्टोबरात निघालेलं युरोपा क्लिपर तर युरोपाभोवती फिरणारच नाही. ते गुरूभोवती फिरत युरोपाजवळून 49 वेळा जाणार आहे. त्याचं मोठं कारण तिथला किरणोत्सर्ग हे आहे.

ज्यूसच्या आखणीतली खरी हुशारी एका कोनात आहे. लंबवर्तुळाचं जवळचं टोक विषुववृत्तापासून किती अंशांवर ठेवायचं, हा तो कोन. चंद्राभोवतीच्या वर्तुळाचे चार चतकोर करा. जवळचं टोक त्यातल्या दोन चतकोरांत असेल तर गुरूची ओढ कक्षा लांबवत नेते, उरलेल्या दोनांत असेल तर तीच ओढ कक्षा आखडत आणते. ओढ तीच, गुरू तोच. फरक पडतो तो आपण तोंड कुठे करून उभे राहिलो याने. म्हणून कक्षा सुरू करताना टोक आखडणाऱ्या चतकोरात ठेवायचं. ते तिथं कायमचं राहत नाही, हळूहळू सरकत दुसऱ्या चतकोरात जातं आणि कक्षा पुन्हा लांबू लागते. आखडण्याच्या आणि लांबण्याच्या मधला जो अवकाश, तेच ते तीन महिने. गाण्यात सम येते आणि जाते. तिला धरून ठेवता येत नाही, तिच्यावर नेमकं येता येतं.

हे समजून घ्यायला मला आमच्या संत्र्याच्या बागेने मदत केली. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात ओलीत बंद करायचं. झाड पाण्यावाचून राहतं, पानं मलूल होतात, थोडी गळतात. याला ताण देणं म्हणतात. जानेवारीत योग्य दिवस पाहून ताण तोडायचा, आणि मग सगळं झाड एकदम फुलावर येतं. फूल आणणं शेतकऱ्याच्या हातात नसतं, ताण कधी धरायचा आणि कधी तोडायचा हे असतं. दोन दिवस इकडेतिकडे झाले तरी चालतं, पण पंधरा दिवस चुकले की बहार हातचा जातो. गॅनिमीडपाशी ताण गुरूचा आहे, आणि तो कुणाला बंद करता येत नाही.

यंदा 10 जानेवारीला, 2026 च्या त्या रात्री, गुरू सूर्याच्या बरोबर समोर होता. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ तो रात्रभर दिसत होता. बागेला ताण होता, मोटार बंद होती, त्यामुळे इतकी शांतता होती की वाळलं पान पडल्याचा आवाज येई. शाळेत आम्ही त्याला बृहस्पति म्हणायला शिकलो, कारण शाळा हिंदी. घरात तो गुरूच राहिला. 1956 ला राज्यं नव्याने आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाड्याबरोबर आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. कचेरी एकीकडे आणि संत्र्याचा बाजार नागपूरकडे, दोन ओढींमधलं जगणं इथं नवं नाही. साध्या दुर्बिणीतून चारही चंद्र दिसले. 1610 च्या जानेवारीत गॅलिलिओनेही ते असेच एका ओळीत पाहिले होते.

त्यातल्या आतल्या तिघांचं एक गणित आहे. गॅनिमीडच्या एका फेरीत युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार फेऱ्या होतात, आणि हे तिघं एकाच बाजूला एका रांगेत कधीच येत नाहीत. हा मेळ लाप्लासने उलगडला. तो मेळ आपल्याकडच्या एका माणसाच्या मनात असा भिनला, की त्याने तो थेट सूर्यमालेच्या काठापर्यंत नेला. केतकी ग्रहगणित लिहिणारे व्यंकटेश बापूजी केतकर (1854–1930) यांनी 1911 मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडच्या दोन ग्रहांचं भाकीत मांडलं आणि त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावं दिली. गुरूच्या चंद्रांसारखाच मेळ युरेनस, नेपच्यून आणि हे नवे ग्रह यांच्यात असावा, हे त्यांचं गृहीत होतं. ब्रह्माचं अंतर त्यांनी पृथ्वी-सूर्य अंतराच्या 38.95 पट आणि फेरी 242.28 वर्षांची काढली. 1930 मध्ये प्लूटो सापडला, तो 39.48 पट अंतरावर, 248 वर्षांच्या फेरीचा. केतकरांचं गृहीत चूक होतं, कारण युरेनस त्या मेळात नाही. जुळलेले आकडे त्यांच्या सिद्धांताचा पुरावा ठरत नाहीत, हे मान्यच करायला हवं. तरीही प्लूटो आणि नेपच्यून यांच्यात दोनास तीन असा मेळ खरोखरच आहे. मेळ शोधणारा त्यांचा कान पक्का होता, असंच मी म्हणेन.

कक्षा टिकणं म्हणजे काय, याचा एक दाखला आपल्याच चांद्रयानाने दिला. 1972 मध्ये अपोलो 16 ने चंद्राभोवती सोडलेला छोटा उपग्रह पस्तीस दिवसांतच चंद्रावर पडला, कारण चंद्राच्या पोटात वस्तुमान सारखं पसरलेलं नाही आणि काही ठिकाणी ओढ जास्त आहे. 2008 ला गेलेलं चांद्रयान-1 ध्रुवावरून फिरत होतं. 2009 च्या ऑगस्टात त्याचा संपर्क तुटला. पुढे सात वर्षं त्याला कुणी सावरलं नाही. 2016 च्या जुलैत नासाच्या शास्त्रज्ञांनी चंद्राच्या उत्तर ध्रुवावर रडारचा झोत रोखून धरला आणि नुसती वाट पाहिली. चार तासांत एक छोटी वस्तू दोनदा त्या झोतातून गेली. दोन खेपांमधलं अंतर चांद्रयानाच्या फेरीच्या वेळेशी, 2 तास 8 मिनिटांशी, जुळलं. जुन्या अंदाजापेक्षा ते वाटेत अर्ध्या फेरीने हुकलेलं होतं, पण वाटेचा आकार आणि तिची बैठक बहुतांशी तीच होती.

ज्यूसला इतकं आयुष्य मिळणार नाही. 5,000 किलोमीटरवरचे ते तीन महिने झाले की ते 500 किलोमीटरवर उतरेल, तिथं एक फेरी तीन तासांहून थोडी जास्त लागते. पुढे 200 पर्यंत खाली येण्याचा बेत आहे. तिथं लहान लहान रेट्यांनी कक्षा सावरत राहावी लागेल. 2035 च्या सुमारास इंधन सरेल. आणि मग ज्या ओढीने लंबवर्तुळ आखडून गोल करून दिलं होतं, तीच ओढ ते फेरीफेरीने लांबवत नेईल, जवळचं टोक गॅनिमीडच्या बर्फाला टेकेपर्यंत.