आढे आणि माळवद : छतावरील अलंकाराचा तौलनिक विचार

प्रस्तावना : पारंपरिक जपानी वास्तुकलेच्या विवेचनात आढ्यावरील अलंकरणास मानाचे स्थान आहे. हीच कसोटी परभणी जिल्ह्यातील जुन्या माळवदी घरांना लावल्यास ती अलंकारहीन ठरतात. हा निर्णय कितपत ग्राह्य आहे, हे तपासणे आवश्यक आहे.

विवेचन : छताचे दोन उतार जेथे मिळतात तेथे पाणी मुरण्याचा धोका सर्वाधिक असतो. म्हणून जपानी कारागीर आढ्यावर कौलांचे थर रचून त्याची टोके ‘ओनिगावारा’ या राक्षसमुखी कौलाने बंद करतात. इसे येथील शिंतो मंदिरांच्या आढ्यावर ‘कात्सुओगी’ हे आडवे ओंडके असतात. आतील मुख्य मंदिरावर १०, तर बाहेरील मंदिरावर ९. गवती आढे दाबून धरणे हे त्यांचे मूळ प्रयोजन मानले जाते. म्हणजेच गरज आधी व शोभा नंतर.

माळवदाची रचना वेगळी आहे. तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे हे सपाट छत. त्यास आढेच नाही. पावसाचे पाणी हलक्या उताराने पन्हळीपर्यंत नेणे हे त्याचे काम. उन्हाळ्यात त्यावर वाळवणे पडतात, रात्री माणसे झोपतात. वावराच्या अशा जागी उंच अलंकार अडचणीचाच ठरला असता. परिणामी कोरीवकाम चौकटीवर व खांबांवर उतरले. यात कौशल्याचा अभाव शोधणे चुकीचे आहे, तेर (जि. धाराशिव) येथील त्रिविक्रम मंदिराचे विटांचे गजपृष्ठाकार छत मराठवाड्यास उंच छताची रीत अवगत होती, याची साक्ष देते.

निष्कर्ष : अलंकाराचे स्थान छताच्या कार्यावरून ठरते, त्यामुळे एका प्रदेशाची कसोटी दुसऱ्यास जशीच्या तशी लावता येत नाही. इसेची मंदिरे दर २० वर्षांनी नव्याने उभारली जातात. २०१३ मध्ये ६२ वी पुनर्बांधणी झाली. त्यामुळे वास्तूसोबत कारागिरीही टिकली. माळवदही दरवर्षीच्या डागडुजीवरच तगते. वाडा पाडल्यावर कोरीव चौकट संग्रहालयात ठेवता येते, माळवद ठेवता येत नाही. माती निवडणारे आणि उतार साधणारे हात आहेत तोवरच त्या ज्ञानाची नोंद होणे अगत्याचे आहे.