जयंतीचं गाणं कोण ऐकतंय?

११ एप्रिल ते १४ एप्रिल हे चार दिवस पुण्याच्या पूर्वेकडच्या पेठा आणि वस्त्या घरात नसतात, रस्त्यावर असतात. गंज पेठेत फुलेवाड्यावर जोतिरावांना अभिवादन करायला रांग लागते. १४ तारखेला स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्याकडे माणसांचा लोंढा जातो. मधल्या चौकाचौकांत मांडव, निळे झेंडे, स्टेज, स्पीकरच्या भिंती. ऊन डोक्यावरून उतरलं की गाणी सुरू होतात. माणसं उभ्याने ऐकतात, नाचतात, पोरं खांद्यावर घेतात.

तिकीट नसलेली एवढी मोठी मैफल या शहरात दुसरी कोणती असेल तर ती गणपतीतच. तरीही तिच्यावर समीक्षा म्हणून कोणी लिहीत नाही. आपल्या कवितासंग्रहांवर लिहिलं जातं, आत्मकथनांवर चर्चासत्रं होतात, प्रबंध होतात. चौकातल्या गाण्यावर बोलणारे दोघेच. एक पोलीस, दुसरे वर्तमानपत्राला पत्र लिहिणारे. दोघांची तक्रार एकच, आवाज फार होतो. आमची तक्रार वेगळी आहे. आमचं म्हणणं, ऐकू फार कमी येतं.

मित्रहो, या शहरात उघड्यावरचं गाणं कधीच नुसती करमणूक नव्हतं. मंडईच्या आसपासचा इतिहास काढून बघा.

जोतिराव १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून त्याच्या स्वागताला एक हजार रुपये खर्चायचं ठरलं, तेव्हा जोतिराव विरोधात उभे राहिले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. मंडईची मोठी इमारत बांधायचा विषय आला तेव्हाही त्यांनी तोच हिशेब मांडला, शाळा आधी. त्यांचं कोणी ऐकलं नाही. १८८६ साली इमारत उभी राहिली आणि गव्हर्नर लॉर्ड रे याच्या नावाने ती रे मार्केट झाली. पुढे १९३८ साली तिला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. ज्या इमारतीच्या खर्चाला जोतिरावांनी विरोध केला, तिच्यावरच त्यांचं नाव लागलं. नाव लागलं याचा आनंदच आहे. पण नाव देणं सोपं असतं. त्या माणसाने विचारलेला प्रश्न पुन्हा विचारणं अवघड असतं.

याच मंडईजवळ १९२४ साली टिळकांचा पुतळा बसला. दुसऱ्याच वर्षी जोतिरावांच्या पुतळ्याचा विषय नगरपालिकेत निघाला आणि केवढा गहजब झाला! त्याच धुमाळीत दिनकरराव जवळकरांनी ‘देशाचे दुश्मन’ लिहिलं. त्यावर खटला झाला, शिक्षा झाल्या, आणि १९२६ साली अपिलात आरोपींच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेब. आरोपी सुटले.

त्याच काळात पुण्यात छत्रपती मेळा गात होता. गणपतीच्या मेळ्यांत टिळकपक्षाची पदं म्हणायची वहिवाट होती. जेधे-जवळकरांच्या माणसांनी त्याच रस्त्यावर, त्याच दिवसांत, त्याच मेळ्याच्या साच्यात ब्राह्मणेतरांची पदं उभी केली. त्यात शिवराळपणा होता, तोही कबूल करू. त्याचं समर्थन करायचं कारण नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा जी बोंब झाली ती शब्दांवरून झाली. ‘हे काय गातात’ म्हणून लोक भडकले. ढोल फार वाजला म्हणून कोणी भडकलं नव्हतं.

आज आपल्या गाण्यातल्या एका ओळीवरून शहरात कोणाची झोप उडत नाही. झोप उडते ती फक्त कानांमुळे. शंभर वर्षांत आपण आवाजाने वाढलो, शब्दाने आकसलो. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळं याचा खुलासा.

आता कोणी म्हणेल, हा पण डीजेच्या नावाने बोटं मोडणारा पांढरपेशा दिसतोय. तसं नाही. एप्रिलातल्या मिरवणुकीला ‘धिंगाणा’ म्हणणारे हेच लोक सप्टेंबरात त्याच स्पीकरसमोर ‘परंपरा’ म्हणून हात जोडतात. हे ढोंग आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतोय. ज्या माणसांना रस्त्याच्या मधोमध चालायची बंदी होती त्यांच्या नातवंडांनी रस्त्याच्या मधोमध नाचणं, यात राजकारण आहे आणि ते राहिलंच पाहिजे. बाबासाहेबांची पहिली जाहीर जयंती १९२८ साली याच पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांच्या पुढाकाराने झाली. रस्त्यावर येणं हा तिचा पहिल्यापासूनचा धर्म आहे.

सिनेमाच्या चालीवरही आमचा राग नाही. वामनदादा कर्डकांनी १९४३ च्या सुमारास रचना करायला घेतली ती हिंदी सिनेमातल्या गाण्याचं विडंबन करूनच. लहानपणी शाळा न मिळालेला, मुंबईत येऊन मोठेपणी अक्षरं गिरवलेला हा माणूस. लोकांच्या तोंडात जी चाल आधीच बसली होती ती त्याने उचलली आणि तिच्यात आपला मजकूर भरला. चाल उसनी, शब्द स्वतःचा. आज बऱ्याच ठिकाणी उलटं झालंय. ठेका आपला म्हणून मिरवायचा आणि शब्द कोणताही चालतो. नाव तेवढं ‘भीम’ आलं म्हणजे झालं. बाप, वाघ, किंग, दहशत. बाबासाहेबांनी काय लिहिलं, कशासाठी भांडले, कोणाविरुद्ध भांडले, याचा त्या गाण्यात पत्ता नाही. वाघाच्या जागी दुसरं नाव घातलं तर तेच गाणं दुसऱ्या कोणत्याही जयंतीला चालेल. ज्या गाण्यातला माणूस बदलला तरी गाणं बदलत नाही, ते गाणं त्या माणसाचं नव्हतंच. समीक्षेची ही साधी कसोटी आहे, आणि ती लावायला कुठल्याही विद्यापीठाची पदवी लागत नाही.

जलसा ही कसोटी पास व्हायचा. सत्यशोधकांनी तमाशाचा सांगाडा घेतला आणि आतला ऐवज पालटला. गणात गणपतीऐवजी सत्याला, पुढे बाबासाहेबांना वंदन आलं. गौळण गळाली. बतावणीत भट, सावकार, पाटील उघडे पडायला लागले. वगात पाणवठा आला, मेलेली ढोरं ओढणं सोडायचा प्रश्न आला, पोरांना शाळेत घाला हे आलं. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव गेले ते याच शिदोरीवर. त्या खेळात एक पात्र नेहमी अडाणी प्रश्न विचारायचं. महारकी का सोडायची? मग खायचं काय? दुसऱ्याने उत्तर द्यायचं. समोर बसलेल्याच्या पोटातला प्रश्न स्टेजवर यायचा. नंतर कव्वालीचे मुकाबले आले. प्रल्हाद शिंदे, श्रावण यशवंते यांच्या काळात दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या, गाण्यातून सवाल टाकायच्या, जबाब घ्यायच्या, आणि कोण हरलं ते पब्लिक ठरवायचं. त्या पब्लिकला कान होते. कच्चा जबाब आला की हुर्यो व्हायची. म्हणजे समीक्षा चौकातच चालायची.

ही सवाल-जबाबाची रीत मोडली कशी? नुसतं ‘पोरं बिघडली’ म्हणून भागणार नाही. कारणं बघा.

एक कारण घड्याळ. मुकाबला रात्रभराचा असायचा. बाया भाकऱ्या टाकून, गडी कामावरून येऊन, जेवून बसायचे. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर उघड्यावर भोंगा बंद. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंतची सूट. नियम वाईट नाही. वस्तीतही म्हातारी माणसं आहेत, तान्ही पोरं आहेत, परीक्षेला बसलेली पोरं आहेत. पण नियम सगळ्यांना सारखा लागला तरी तो सोसायची ताकद सारखी नव्हती. १९५३ पासूनचा सवाई गंधर्व महोत्सवही रात्र-रात्र चालायचा. त्यालाही दहाचा नियम लागला. त्यांनी मैफल दुपारीच सुरू करायला घेतली. डिसेंबरातली दुपार, मांडवाची सावली, आणि दुपारी गाणं ऐकायला जाऊ शकणारा श्रोता. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला तर ऐन उन्हाळ्यातच भरते, पण संध्याकाळी आणि छपराखाली. आपलं काय? एप्रिलात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. दुपारी तीन वाजता उघड्या चौकात कोण बसणार? आणि ११, १२, १३ तारखेला बसायला मोकळं कोण आहे? मंडईत हमाली करणारा, भाजीचा गाळा सांभाळणारी, झाडूकाम करून आलेली, यांची संध्याकाळ सातच्या पुढे सुरू होते. म्हणजे गाण्याला उरले तीन तास.

त्या तीन तासांचं आपण काय करतो ते दुसरं कारण, आणि ते पूर्णपणे आपलं आहे. सात वाजता कार्यक्रम लावतो. साडेसातला पाहुणे येतात. मग पुष्पहार, मग सत्कार. नगरसेवक, माजी नगरसेवक, भावी नगरसेवक, स्पीकरवाला, मांडववाला, वर्गणी जास्त देणारा बिल्डर. प्रत्येकाला शाल, प्रत्येकाला ‘दोन शब्द’. नऊ वाजतात. शाहीर बिचारा ढोलकी मांडीवर घेऊन स्टेजमागे बसलेला. सव्वानऊला त्याला वर बोलावतात आणि कानात सांगतात, ‘चार गाणी घ्या, वाजणारी घ्या, दहाला पोलीस येतील.’ वाजणारी म्हणजे ज्यात प्रश्न नाही अशी. जलशाला तासभरात गणही उरकत नाही. अशा वेळेत फक्त ठेकाच मावतो. मग आपण म्हणतो, लोकांना आता शाहिरी नको.

तिसरं कारण पैसा. वर्गणीची पावती बघा आणि खर्चाची वही बघा. स्पीकर, लाइट, लेसर, जनरेटर, बॅनर यांना किती गेले आणि गाणाऱ्याला किती? गाणं लिहिणाऱ्याला किती? लिहिणाऱ्याला तर काहीच नाही, कारण त्याचं नावच कोणी घेत नाही. आमच्या स्टेजवर तासभर गाणी होतात आणि एकाही गाण्याच्या आधी ‘हे गाणं अमक्याने रचलं’ असं कानावर येत नाही. वामनदादा १५ मे २००४ ला गेले. त्यांची गाणी घराघरात आहेत, पण ती त्यांची आहेत हे वस्तीतल्या किती पोरांना माहीत आहे? ज्यांनी आपल्या बापजाद्यांची नावं पुसली त्यांच्यावर आपण ग्रंथ लिहितो, आणि आपल्याच कवीचं नाव आपल्याच माइकवरून पुसतो. ही चोरीच आहे. प्रेमाने केली तरी चोरीच.

चौथं कारण भीती, आणि त्यावर हळू आवाजात बोलायची गरज नाही. शब्दाला किंमत मोजावी लागते. २००२ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचाच्या पोरापोरींनी ती मोजली. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. उघड्यावर, गाण्यांसकट. पुढे त्या प्रकरणात २०२० साली मंचाच्या तीन कलावंतांना अटक झाली. गेलाबाजार एवढं तरी कळतं की सरकारला आपलं गाणं ऐकू येतं. आपल्याच मंडळाच्या अध्यक्षाला येत नाही. प्रश्न विचारणारा शाहीर लावला तर परवानगी अडेल, वर्गणी तुटेल, हा हिशेब मंडळवाले मनात करतात आणि वाजणारं गाणं लावतात. हा हिशेब समजू शकतो. त्याला संस्कृती म्हणू नका, एवढंच.

मग करायचं काय? पुढच्या एप्रिलची वाट बघत बसू नका. वर्गणीची बैठक होते तिथेच या गोष्टी मांडा. गाणं आधी, सत्कार नंतर. सातला शाहीर, साडेनऊला शाली. थांबायचं असेल तो पुढारी थांबेल आणि गाणं ऐकेल, तेवढंच त्याच्या कानाला पुण्य. प्रत्येक गाण्याआधी रचणाऱ्याचं नाव माइकवरून सांगायचं. स्पीकरच्या बिलाशेजारी गायकाचं आणि रचनाकाराचं मानधन लिहायचं आणि ती वही जयंतीनंतर चौकात वाचायची. चार दिवसांपैकी एक रात्र मुकाबल्याला द्यायची. वस्तीतल्याच दोन पार्ट्या, सवाल आजचे. कंत्राटी झाडूकामगाराचा पगार, बंद पडलेली शिष्यवृत्ती, गटारात उतरून मेलेला माणूस, पुनर्वसनाच्या नावाने शहराबाहेर फेकलेली झोपडी. तीन तास पुरतात. आणि मिरवणुकीत नाचायचं आहे ना? नाचा. फक्त ठेक्यावर बसवलेले शब्द एकदा बसून वाचा. वाचताना लाज वाटली तर बदला.

आणि कोणी विचारलं की जयंतीच्या आनंदात हिशेब कशाला आणता, तर त्याला मंडईत न्या. पाटीवरचं नाव दाखवा. हिशेब आणणारा माणूस तोच होता म्हणावं.

जय जोती, जय भीम.