शिक्षेचा कायदा आणि कृत्याची तारीख

संविधानाच्या अनुच्छेद २० (१) नुसार, कृत्य घडले त्या वेळी अमलात असलेल्या कायद्याचा भंग झाला असेल तरच माणूस दोषी ठरू शकतो. शिक्षाही त्या वेळच्या कायद्यातील मर्यादेपेक्षा जास्त होऊ शकत नाही. ‘अमलात असलेला’ या शब्दांचा अर्थ स्पष्ट झाला तो विंध्य प्रदेशातील एका खटल्यात. हा प्रदेश १९५६ साली मध्य प्रदेशात, म्हणजे आज इंदूर ज्या राज्यात आहे त्यात, विलीन झाला. तेथील मंत्री राव शिवबहादूर सिंह यांच्यावर १९४९ साली लाच घेतल्याचा आरोप होता. सप्टेंबर १९४९ मधील अध्यादेश ऑगस्ट १९४८ पासून लागू मानला गेला होता. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कायदा प्रत्यक्ष अमलात असला पाहिजे. मागील तारीख घालून तो अमलात होता असे मानता येणार नाही. लाच घेणे तेथे आधीपासूनच गुन्हा असल्याने आरोपीला याचा लाभ झाला नाही. तत्त्व मात्र पक्के झाले.

या तत्त्वाची दुसरी बाजू कठोर आहे. मुंबईत १९४९ साली रेल्वे मजदुरांविषयीची एक पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल केशवन माधव मेनन यांच्यावर १९३१ च्या वृत्तपत्रविषयक कायद्याखाली खटला झाला. तो चालू असतानाच संविधान आले व भाषणस्वातंत्र्य मिळाले. तरीही १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की मूलभूत हक्क भूतलक्षी प्रभावाने लागू होत नाहीत. खटला पुढे चालू शकतो. न्या. फजल अली यांनी भिन्न मत नोंदवले. जी तारीख नागरिकाची ढाल होते, तीच त्याची बेडीही होते, हे येथे दिसते.

१९६५ साली रतनलाल खटल्यात न्यायालयाने ही बेडी काहीशी सैल केली. सोळा वर्षांच्या मुलाला शिक्षा झाल्यानंतर त्या भागात परिविक्षा अधिनियम लागू झाला. तरी त्याचा लाभ त्याला देता येईल, असे बहुमताने ठरले. परंतु ‘देता येईल’ आणि ‘द्यावाच लागेल’ यांत अंतर आहे. भारताने १९७९ साली स्वीकारलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा अनुच्छेद १५ सौम्य कायद्याचा लाभ हा आरोपीचा हक्क मानतो. अनुच्छेद २० त्याबाबत मौन बाळगतो.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारे जुने कलम ३०९ तीत नाही. मात्र कलम ३५८ ने जुन्या कृत्यांसाठी जुनी दंड संहिता राखून ठेवली आहे. म्हणजे इंदुरात ३० जूनला असा प्रयत्न करणारा जुन्या कायद्याच्या कक्षेत येतो, १ जुलैला करणारा येत नाही. पहिल्याला २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमातील तणावाच्या गृहीतकाचा आधार आहे. तो नसता, तर एका रात्रीच्या फरकाने एक आरोपी आणि दुसरा निर्दोष ठरला असता.

भूतलक्षी कठोरतेला मनाई करणारे संविधान अपूर्ण आहे असे म्हणणे धाडसाचे वाटेल. पण समाजाने जे कृत्य शिक्षापात्र मानणे सोडले, त्यासाठी केवळ जुन्या तारखेमुळे माणसाला शिक्षा करण्यात कोणता न्याय साधतो? सौम्य कायद्याचा लाभ न्यायाधीशांच्या उदारतेवर न सोपवता तो हक्क म्हणून कायद्यात लिहिला जाणे आवश्यक आहे.