आवाज मोठा म्हणजे ताकद मोठी?

सायलेन्सर काढलेली मोटारसायकल शाळेवरून गेली, की वर्गातली निम्मी मुले खिडकीकडे बघतात. ‘काय पॉवर आहे!’ असा शेराही कोणी मारते. आवाज आणि ताकद यांची ही सांगड मोठ्यांच्या मनातही किती पक्की आहे, हे पाहायचे असेल तर फॉर्म्युला वन मोटारशर्यतींमधल्या इंजिनांचा वाद पाहावा.

२०१३ पर्यंत या गाड्यांना २.४ लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन असे. ग्रेटर नोएडाला २०११ ते २०१३ या काळात झालेल्या शर्यती याच इंजिनांच्या. २०१४ साली नियम बदलले. १.६ लिटरचे, सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन आले, जोडीला विजेची यंत्रणा आली, आणि आवाज एकदम बसला. मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीनंतर संयोजकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. त्याच वर्षी मर्सिडीजने सरावात धुराच्या नळीला कर्ण्यासारखे तोंड लावून पाहिले. फारसा उपयोग झाला नाही. २०१६ मध्ये तर आवाज वाढावा म्हणून वेगळ्या नळ्यांचा नियमच केला गेला. २०२५ साली जागतिक मोटार महासंघाचे अध्यक्ष मोहम्मद बिन सुलायेम यांनी दहा सिलिंडरची इंजिने परत आणण्याचा विचार मांडला. पुढे चर्चा आठ सिलिंडरवर आली.

आवाज बसला म्हणजे नेमके काय झाले? गणित सातवी-आठवीच्या मुलांना जमेल असे आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. मिनिटाला १८,००० फेरे म्हणजे सेकंदाला ३००. आठ सिलिंडर असतील तर सेकंदाला १,२०० स्फोट, म्हणजे १,२०० हर्ट्‌झचा मूळ स्वर. दहा सिलिंडर आणि १९,००० फेरे असतील तर सुमारे १,५८० हर्ट्‌झ. सहा सिलिंडर आणि १२,००० फेरे असतील तर फक्त ६०० हर्ट्‌झ. दहा सिलिंडरच्या तुलनेत स्वर एका सप्तकाहून अधिक खाली आला. आपला कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्‌झला सर्वांत संवेदनशील असतो. त्यामुळे खालचा स्वर तितका टोचत नाही. शिवाय धूर टर्बोच्या पात्यांमधून जातो, तेव्हा त्याच्या दाबाचे ठोकेही बोथट होतात.

नव्या इंजिनांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो : आवाज ही वाया जाणारी ऊर्जा, ती वाचवली म्हणून गाडी शांत झाली. हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. एक मीटर अंतरावर चहूकडे १३० डेसिबेल इतका प्रचंड आवाज आहे असे धरू. १२० डेसिबेल म्हणजे चौरस मीटरला १ वॅट, म्हणून १३० डेसिबेल म्हणजे १० वॅट. एक मीटर त्रिज्येच्या गोलाचे पृष्ठफळ सुमारे १२.६ चौरस मीटर. एकूण ध्वनिशक्ती झाली १२६ वॅट. आठ सिलिंडरच्या इंजिनाची शक्ती होती सुमारे ७५० अश्वशक्ती, म्हणजे ५,६०,००० वॅट. आवाजाचा वाटा सुमारे साडेचार हजारांत एक इतकाच!

खरी बचत झाली ती उष्णतेत. बाहेर जाणाऱ्या गरम धुरावर टर्बो फिरे आणि त्याला जोडलेले जनित्र वीज तयार करी. मर्सिडीजने २०१७ मध्ये चाचणी-यंत्रावर ५० टक्क्यांहून अधिक औष्णिक कार्यक्षमता गाठल्याचे जाहीर केले. शांतता हा या सुधारणेचा आनुषंगिक परिणाम होता, तिचे कारण नव्हे.

म्हणूनच २०२६ च्या नियमांबद्दल आमची तक्रार आहे. जवळजवळ निम्मी शक्ती विजेची आणि इंधन शाश्वत स्रोतांतले, हे ठीक. पण महाग आणि गुंतागुंतीचे म्हणून धुरावरचे ते जनित्र मात्र काढून टाकले. वर्गात सांगण्यासारखी सर्वांत चांगली गोष्टच वगळली गेली.

पर्यावरणाचा दावाही तपासून घ्यावा. फॉर्म्युला वनने २०१९ साली स्वतःच मांडलेल्या हिशेबात गाड्यांच्या इंजिनांचा वाटा एकूण कार्बन उत्सर्जनाच्या ०.७ टक्के होता. देशोदेशी सामान वाहून नेण्याचा वाटा ४५ टक्के. तेव्हा ‘शाश्वत इंधन वापरू, मग मोठ्या आवाजाची इंजिने आणायला हरकत नाही’ हा युक्तिवाद आणि ‘शांत गाडी म्हणजे हिरवी गाडी’ हा युक्तिवाद, दोन्ही मूळ प्रश्नाला बगल देतात.

प्रेक्षकांना तो आवाज आवडतो, यात गैर काही नाही. तबल्याचा ठेका आवडावा तसाच तो आवडतो. आवड म्हणून मागा, ताकदीचा पुरावा म्हणून नको, इतकेच आमचे म्हणणे आहे. आणि अशा आवाजाजवळ बसायचे तर कानांना संरक्षण हवे, हेही सांगायला हवे.

शाळेवरून पुन्हा ती मोटारसायकल गेली, तर मुलांना रागावण्याआधी एक प्रश्न विचारून पाहा. एका सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला किती स्फोट? उत्तर आहे ५०. मग पुढचा प्रश्न : सायलेन्सर काढल्यावर हा आकडा वाढतो का?