विशेष, स्थान आणि जीव

महानुभाव तत्त्वज्ञानास द्वैती म्हणण्याचा प्रघात आहे. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार अनादी पदार्थ त्यात परस्परभिन्न मानले असल्याने वैशेषिकांच्या अनेकत्ववादाशी त्याची सहज तुलना केली जाते. परंतु दोन पदार्थ जातीने भिन्न असणे आणि एकाच जातीच्या दोन व्यक्ती भिन्न असणे, हे दोन स्वतंत्र प्रश्न होत.

यांपैकी दुसरा प्रश्न वैशेषिकांनी कसोशीने हाताळला. एक घट दुसऱ्याहून अवयवभेदामुळे वेगळा ठरतो. पण निरवयव परमाणू किंवा विशेषगुण लोपलेले मुक्त आत्मे कशाने वेगळे? प्रशस्तपादाने प्रत्येक नित्य द्रव्यात एकेक ‘विशेष’ कल्पिला व तो स्वतःच व्यावर्तक मानून अनवस्था टाळली. पुढे रघुनाथ शिरोमणीने नेमके इथेच बोट ठेवले : विशेष जर आपण होऊन भिन्न राहू शकतो, तर द्रव्यानेच तसे का राहू नये? युरोपात डन्स स्कोटस (मृत्यू १३०८) याने व्यक्तीच्या ठायी ‘हेपणा’ मानला, तर ओकमने प्रत्येक वस्तू स्वतःच एकमेव असल्याचे सांगून तो अनावश्यक ठरविला. वाद तोच होता.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार व मेहकर ही महानुभावांची पूज्य स्थाने तेराव्या शतकातील श्रीचक्रधरांच्या वास्तव्यामुळे झाली. ‘स्थानपोथी’ अशी स्थाने दिशा व अंतर देऊन निश्चित करते. दोन ओटे सर्वस्वी सारखे असले तरी नमस्कार एकालाच घडतो. कारण त्याला अवताराचा संबंध लाभलेला असतो. येथे वेगळेपण वस्तूच्या गुणात नसून घडलेल्या संबंधात आहे, आणि स्थानापुरते हे उत्तर समाधानकारक आहे.

जीवाच्या बाबतीत मात्र ते अपुरे पडते. मुक्त जीव परमेश्वराचा आनंद भोगतो, पण परमेश्वर होत नाही. हा भेद जातीनेच सुरक्षित राहतो. परंतु कर्म, देह व स्थळ गळून पडल्यावर तोच आनंद भोगणाऱ्या दोन जीवांना विलग ठेवणारे काय उरते? वैशेषिकांचा विशेष स्वीकारावा, तर चार अनादी पदार्थांच्या जोडीला पाचवा येऊन बसतो. म्हणून महानुभाव अनेकत्वाला प्रशस्तपादापेक्षा रघुनाथाची वाट अधिक मानवते : जीव स्वरूपतःच अनेक आहेत, त्यांना वेगळे करणारे आणखी काही नाही. असे मानल्यानेच मुक्तीतही ‘हा’ जीव ‘हाच’ राहतो, आणि ज्याने साधना केली त्यालाच तिचे फळ मिळते.